औषधांचा साठा रुग्णांत मोजा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण,
तसेच सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागांत औषध खरेदी पाहणारे सर्व अधिकारी

महोदय,

पावसाळा तोंडावर आला आहे. भाताची खाचरं भरू लागली की ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतील. त्या वेळी फडताळात काय असेल आणि काय नसेल, हे आता बऱ्याच अंशी आपल्या कार्यालयात ठरतं, म्हणून हे पत्र आपल्याला. मी निवृत्त औषधनिर्माण अधिकारी आहे. माझी जवळजवळ सगळी नोकरी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या औषध भांडारांत गेली. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण ज्यांच्या नावाने ही खरेदी होते त्यांनाही ते वाचता यावं अशी माझी इच्छा आहे.

औषध किती रुपयांना घेतलं, किती आलं, किती वाटलं, किती मुदतबाह्य झालं याचा हिशेब आपल्याकडे आहे. रुग्ण समोर असताना औषध नव्हतं, याचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत नाही. तो ठेवला जात नाही तोवर खरेदीत पैसे वाचल्याचा कुठलाही आकडा मला अर्धा वाटतो. उरलेला अर्धा खर्च रुग्णाच्या घरच्यांनी बाहेरच्या मेडिकलमध्ये भरलेला असतो.

एका स्वस्त इंजेक्शनचं उदाहरण घेते. मॅग्नेशियम सल्फेट. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आले, की बाईला आणि बाळाला वाचवणारं हे औषध. दोन मिलीच्या अँप्युलमध्ये एक ग्रॅम औषध असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिला डोस देऊन रुग्णाला पुढे पाठवायचं, तर दोन्ही बाजूंच्या कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम मिळून दहा अँप्युल लागतात. रुग्णालयात पूर्ण उपचार करायचे, तर सुरुवातीलाच चौदा ग्रॅम, आणि पुढे दर चार तासांनी पाच ग्रॅम, शेवटचा झटका किंवा बाळंतपण यांपैकी जे नंतर होईल तिथून चोवीस तास. म्हणजे एका बाईला चाळीसहून अधिक अँप्युल लागू शकतात. आता संगणकावर त्या रुग्णालयासमोर 'शिल्लक २०' असं दिसतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं, साठा आहे. भांडारात बसलेल्या माणसाला ठाऊक असतं, की ही एकाच बाईची सुरुवात आहे आणि रात्री दोनच्या सुमारास ती संपेल.

सर्पदंशाची लस तशीच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांवर आपल्याकडे एकच मिश्र प्रतिविष वापरतात. विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच आठ ते दहा कुपी द्याव्या लागतात, गरज पडली तर पुन्हा. मूल लहान असलं तरी मात्रा मोठ्या माणसाइतकीच, कारण सापाने सोडलेलं विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. 'तालुक्यात सहा कुपी शिल्लक' या नोंदीचा अर्थ असा, की तालुक्यात एकाही रुग्णाचा पहिला डोस पूर्ण होणार नाही. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आहे. आराखड्यातला तो आकडा गाठायचा असेल, तर जून उजाडण्याआधी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात किमान तीन-चार रुग्णांपुरतं प्रतिविष हवं. ऑगस्टमध्ये आलेला ट्रक हिशेबात दिसतो, पण जूनमधल्या माणसाला त्याचा उपयोग होत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी. जीव वाचवणाऱ्या औषधांचा साठा अँप्युल, कुपी किंवा पट्ट्यांच्या जोडीने रुग्णसंख्येत दाखवा. ई-औषधी या साठा नोंदवण्याच्या संगणक प्रणालीत प्रत्येक औषधासमोर 'एका रुग्णाच्या उपचाराला किती' असा एक रकाना वाढवायचा आहे, एवढंच. मग जिल्हा शल्यचिकित्सकांना पडद्यावर दिसेल: झटके येणाऱ्या बाईसाठी मॅग्नेशियम, शून्य पूर्ण उपचार. कुत्रा चावल्यावरची लस, पंधरा रुग्ण. असा आकडा वाचायला औषधशास्त्र शिकावं लागत नाही. तो आमदारालाही कळतो आणि सरपंचालाही.

रेबीजच्या लशीचं गणित थोडं वेगळं आहे आणि ते इथे सांगणं गरजेचं वाटतं. त्वचेत लस टोचण्याच्या पद्धतीत एका खेपेला दोन जागी ०.१ मिली, म्हणजे ०.२ मिली लागते. एक मिलीची कुपी पाच जणांना पुरते. स्नायूत द्यायची तर एकाच माणसाला एका खेपेला अख्खी कुपी जाते. पैसा आणि लस, दोन्हीची मोठी बचत, आणि ती मोठ्या शहरातल्या रुग्णालयात खरोखर होते. पण एकदा कुपी फोडली की ती थंड ठेवूनसुद्धा सहा ते आठ तासांत संपवावी लागते. डोंगराळ भागातल्या आरोग्य केंद्रात दिवसभरात कुत्रा चावलेला एकच रुग्ण आला, तर उरलेली लस टाकून द्यावी लागते. अशा केंद्राची गरज 'रुग्ण भागिले पाच' या सूत्राने काढली की लस दोन महिने आधीच संपते, आणि मग औषधनिर्माण अधिकाऱ्याला जाब विचारला जातो की लस गेली कुठे. छोट्या केंद्रांसाठी वाया जाणारा भाग गरजेतच धरायला हवा. त्यात गैर काही नाही.

मोठ्या रुग्णालयांच्या व्यवस्थापनात साठ्याचं वर्गीकरण दोन पद्धतींनी शिकवतात. एक किमतीनुसार: साधारण दहा टक्के वस्तूंवर सत्तर टक्के पैसा खर्च होतो, त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवायचं. दुसरी गरजेनुसार: प्राणरक्षक, आवश्यक आणि नसली तरी चालतील अशी. खरेदी करणाऱ्यांची नजर साहजिकच पहिल्या यादीकडे असते, कारण कोट्यवधी रुपये तिथे असतात. महागडी प्रतिजैविकं, डायलिसिसचं साहित्य, कर्करोगाची औषधं यांच्या निविदेवर बैठका होतात. प्राणरक्षक पण स्वस्त असलेल्या वस्तू या नजरेतून निसटतात. त्यांची निविदा छोटी असते, नफा थोडा असतो, बोलीदार येत नाही, आणि 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारून फाईल पुढच्या फेरीपर्यंत थांबते.

कोकणातल्या माणसाला याचं उदाहरण शोधावं लागत नाही. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी इथे धडधाकट मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी या दंशावर वापरून दाखवली, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिलं, आणि मृत्यूंचं प्रमाण फार मोठ्या फरकाने खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या गोळीने हे घडलं ती अतिशय स्वस्त आहे. किमतीच्या यादीत ती शेवटच्या पानावर असेल. प्राणरक्षक यादीत ती कोकणासाठी पहिल्या पानावर हवी. म्हणून या स्वस्त प्राणरक्षक वस्तूंची वेगळी निविदा काढा, तिचा दरकरार दोन-तीन वर्षांचा ठेवा, किमतीत चार-आठ आणे जास्त गेले तरी द्या, आणि पुरवठादार एकच न ठेवता दोन ठेवा. अशा वस्तूंत घासाघीस करून वाचणारी रक्कम सगळ्या खरेदीच्या तुलनेत नगण्य असते. माल न आल्याने होणारं नुकसान मात्र भरून येत नाही.

आता मागणी कशी ठरते त्याकडे वळते. हा भाग मला सगळ्यांत जास्त सलतो.

वार्षिक मागणी मागवताना 'मागील वर्षाचा खप' विचारला जातो आणि त्यावर काही टक्के वाढ धरली जाते. वरवर पाहता यात चूक दिसत नाही. समजा, एका रुग्णालयाला मधुमेहाच्या एका गोळीच्या महिन्याला हजार पट्ट्या लागतात. वर्षातले चार महिने माल नव्हता. मग खप झाला आठ हजार. त्यावर दहा टक्के वाढ धरून पुढच्या वर्षाची मागणी गेली ८,८०० पट्ट्यांची. खरी गरज बारा हजारांची. म्हणजे पुढच्या वर्षीही औषध संपणार, खप पुन्हा तेवढाच दिसणार, आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणणार, या रुग्णालयाचा खपच एवढा आहे. तुटवडा अशा रीतीने कागदावर 'गरज' होऊन बसतो. यावर उपाय कठीण नाही. खपाला बारा महिन्यांनी न भागता, जेवढे महिने माल हातात होता तेवढ्यांनी भागायचं. आठ हजार भागिले आठ, गुणिले बारा. तिसरी-चौथीतलं गणित आहे. पण त्यासाठी औषध किती दिवस नव्हतं हे नोंदलेलं असावं लागतं, आणि तीच नोंद आपण ठेवत नाही.

त्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. केसपेपरची फीसुद्धा गेली. मी या निर्णयाचं मनापासून स्वागत केलं आणि आजही करते. पण फी गेली की गर्दी वाढणार हे उघड होतं, आणि त्यासाठीचा साठा आदल्या वर्षाच्या खपावर मागवलेला होता. ज्या घरात मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा असे दोन रुग्ण आहेत, त्या घराने खाजगी डॉक्टर सोडून सरकारी रुग्णालयात यायला सुरुवात केली, आणि खिडकीवर त्यांना महिन्याऐवजी सात दिवसांच्या गोळ्या मिळू लागल्या. साठा कमी असला की आम्ही हेच करतो, सगळ्यांना थोडं थोडं. सात दिवसांनी पुन्हा यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची, एसटीचं भाडं भरायचं, रांगेत उभं राहायचं. दोन-तीन खेपांनंतर माणूस येणं सोडतो. गोळी बंद होते. वर्ष-दोन वर्षांनी तोच माणूस लकवा मारून किंवा किडनी निकामी होऊन जिल्हा रुग्णालयात येतो आणि मग त्याच्यावर सरकारचाच कितीतरी पट खर्च होतो. हा खर्च औषध खरेदीच्या शीर्षाखाली दिसत नाही, म्हणून त्याचा औषध खरेदीशी संबंध नाही असं समजू नका.

औषधनिर्माण अधिकारी कमी मागणी का करतात, हेही आपल्याला कुणीतरी सांगायला हवं. आमच्यापैकी बहुतेक जण बोलत नाहीत. लेखापरीक्षणाला पथक आलं की पहिला प्रश्न असतो मुदतबाह्य औषधांचा. किती रुपयांची एक्स्पायरी, का झाली, जबाबदार कोण. आक्षेप निघतो, खुलासा द्यावा लागतो, वसुलीची भीती असते, निवृत्तीच्या वेळी तो कागद आडवा येतो. औषध संपलं होतं म्हणून मात्र कधीही आक्षेप निघत नाही. मग भांडार सांभाळणारा माणूस काय शिकेल? कमी मागवणं सुरक्षित, हेच. ही वृत्ती कुणाच्या वाईट स्वभावातून आलेली नाही, ती आपल्या नियमांनी घडवली आहे. दोन्ही गोष्टींना सारखं वजन द्या. प्राणरक्षक औषध किती दिवस शून्य होतं, हा प्रश्न लेखापरीक्षणाच्या नमुन्यात घाला. आणि प्रतिविषासारख्या औषधांचा राखीव साठा मुदतबाह्य झाला, तर त्याला अपव्यय मानू नका. अग्निशमन यंत्रातली पावडर न वापरता बदलावी लागली म्हणून कुणी वसुली लावत नाही.

मुदत संपणारा माल वाचवण्याचीही सोपी वाट आहे. एका रुग्णालयात तीन महिन्यांची मुदत उरलेली हजार सलाईन पडून असतात आणि तीस किलोमीटरवरचं दुसरं रुग्णालय तीच सलाईन स्थानिक खरेदीने घेत असतं, असं मी पाहिलं आहे. पत्रव्यवहार, मंजुरी, वाहन, डिझेलचं बिल कुणी भरायचं, यात तीन महिने निघून जातात. ई-औषधीत शॉर्ट एक्स्पायरीचा माल जिल्ह्याला एका क्लिकवर दिसू शकतो. हस्तांतराचा अधिकार जिल्हा पातळीवर द्या आणि वाहतुकीसाठी छोटी रक्कम बाजूला ठेवा. आधी मुदत संपणारं आधी बाहेर काढायचं, हा नियम आम्ही भांडारात पाळतो. तो जिल्हाभर पाळला जावा.

आणि मार्च. निधी उशिरा येतो, मार्चअखेर खर्च करायचा असतो, एकाच महिन्यात वर्षाचा माल येऊन पडतो. व्हरांड्यात खोकी रचलेली. उन्हाळा तोंडावर. ऑक्सिटोसिनसारखं इंजेक्शन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, कारण उष्णतेने त्याची शक्ती जाते. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला तेच पहिलं औषध. फ्रिजमध्ये जागा दोन महिन्यांच्या साठ्याची आणि माल आठ महिन्यांचा, अशी वेळ आली की काय होतं हे मी वेगळं सांगायला नको. नोंदवहीत संख्या बरोबर असते, पण औषध नुसतं नावाला उरलेलं असतं. वर्षाचा माल तिमाही हप्त्यांत पोचवण्याची अट पुरवठा आदेशातच हवी.

या राज्याने औषध खरेदीची व्यवस्था थोड्या वर्षांत दोनदा बदलली. २०१७ मध्ये सगळी खरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेली. लस बनवण्याची मोठी परंपरा असलेल्या संस्थेकडे राज्यभराच्या निविदांचं काम आलं आणि त्याला लागणारं मनुष्यबळ काही त्या प्रमाणात आलं नाही. पुढे २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा होऊन आपलं प्राधिकरण आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांत १२ नवजात बालकं होती. औषधं कमी होती असं काहींनी म्हटलं, प्रशासनाने ते नाकारलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी हवा हा मुद्दाही त्या सुनावणीत पुढे आला. त्या मृत्यूंचं कारण ठरवण्याचा मला अधिकार नाही. पण एक गोष्ट तेव्हापासून मनात राहिली आहे. औषध होतं की नव्हतं, या साध्या प्रश्नावरही राज्यात दोन मतं होऊ शकतात. प्रत्येक प्राणरक्षक औषधाची रोजची शिल्लक जाहीर असती, तर वादाला जागाच उरली नसती.

तमिळनाडूने हा प्रश्न तीस वर्षांपूर्वी हातात घेतला. १९९४ मध्ये तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झालं, आणि १९९५ पासून त्याच्यामार्फत औषधं जाऊ लागली. त्यांच्याकडे वर्षभराची मागणी एकदाच गोळा करून एकदाच माल ढकलून देत नाहीत. औषधाचा भाव वर्षभरासाठी ठरतो, पण माल जिल्ह्याजिल्ह्यांतल्या गोदामांत काही महिन्यांचा साठा कायम राहील असा मागवला जातो. साठा ठरलेल्या पातळीखाली गेला की पुढचा आदेश निघतो. प्रत्येक रुग्णालयाकडे पासबुक असतं. बँकेतल्यासारखं. वर्षाला इतक्या रुपयांची औषधं उचलण्याचा हक्क त्यात लिहिलेला असतो. रुग्णालय आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून औषध उचलतं, तेवढी रक्कम पासबुकातून वजा होते. रुग्णालयाने काय न्यायचं हे राजधानीत ठरत नाही, आणि नको असलेली खोकी कुणाच्या माथी मारली जात नाहीत. माल शक्यतो थेट उत्पादकाकडून, आलेल्या बॅचचा नमुना कंपनीचं नाव झाकून प्रयोगशाळेत, अहवाल चांगला आला तरच वाटप. उशीर केला तर दंड, आणि वेळेत दिला तर वेळेत पैसे.

यातला शेवटचा, वेळेत पैसे देण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. पुरवठादाराची बिलं महिनोन्महिने अडली की चांगल्या कंपन्या पुढच्या निविदेला येतच नाहीत. जे येतात ते उशिराचं व्याज आधीच दरात मिसळतात. मग दर जास्त का आले म्हणून फेरनिविदा, तिच्यात चार महिने, त्या चार महिन्यांत स्थानिक खरेदी, आणि स्थानिक खरेदीत तीच गोळी दरकराराच्या कितीतरी पट भावाने. वेळेवर बिल देणं ही पुरवठादारावरची मेहेरबानी नव्हे. खर्च कमी करण्याचा आपल्या हातातला तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. राजस्थाननेही २ ऑक्टोबर २०११ रोजी मोफत औषध योजना सुरू करताना स्वतंत्र महामंडळ, जिल्हा गोदामं आणि ई-औषधी ही त्रयी उभी केली. ई-औषधी आपल्याकडेही आहे. गोदामं आणि बिलांची शिस्त मात्र अजून तेवढी नाही.

दर्जाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर ग्रामीण रुग्णालयातून २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांचा नमुना घेतला. अहवाल यायला कित्येक महिने लागले, आणि त्या गोळ्यांत औषध नव्हतंच. २०२४ मध्ये अंबाजोगाईच्या रुग्णालयातही बनावट प्रतिजैविकाचं प्रकरण उघड झालं. तपासणी वाटपानंतर होत असेल तर ती फक्त पोलिसांच्या कामाची. प्रत्येक बॅच भांडारात शिरण्याआधी तपासली गेलीच पाहिजे, आणि अहवालाला दिवसांची मुदत हवी. तपासणी झालेल्या बॅचचे क्रमांक आपल्या संकेतस्थळावर टाका. आम्ही खोकं उघडण्याआधी ते पडताळून घेऊ.

औषधांखेरीज साहित्याचाही हिशेब असाच चुकतो. हातमोजे आहेत, पण सगळे सात नंबरचे. शिवणाचा धागा आहे, पण सिझेरियनला लागतो तो नाही. रक्ततपासणीचं यंत्र देणगीतून आलं, त्याला फक्त त्याच कंपनीचं रसायन चालतं आणि ते दरकरारात नाही, म्हणून यंत्रावर चादर घातलेली. यंत्र घेतानाच पाच वर्षांच्या रसायनाचा आणि सुट्या भागांचा दर ठरवून घ्या.

आता सर्वांत आधी काय करावं, ते सांगते. रुग्णाच्या हातात 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी देणं अधिकृतपणे बंद आहे, म्हणून ती कोऱ्या कागदाच्या कपट्यावर दिली जाते. तिच्यावर शिक्का नसतो, सही नसते, तारीख नसते. बंदी घालून चिठ्ठी थांबलेली नाही, फक्त तिची नोंद थांबली आहे. भारतात आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च २०२१-२२ मध्ये लोकांनी स्वतःच्या खिशातून केला असं राष्ट्रीय आरोग्य लेखा सांगतो, आणि त्यातला मोठा वाटा औषधांचा असतो. त्या कपट्यांना नंबर द्या. औषध नसेल तर औषधनिर्माण अधिकारी ई-औषधीत 'उपलब्ध नाही' असं नोंदवील, रुग्णाला छापील पावती मिळेल, आणि त्या पावतीवर शिक्षा कुणालाही होणार नाही, निदान पहिलं वर्षभर तरी. एका वर्षात आपल्याला कळेल की कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात, कोणत्या औषधासाठी लोकांनी किती पैसे बाहेर भरले. मग मागणी त्या आकड्यांवरून करा. माझी खात्री आहे, की पहिल्या वर्षीचे आकडे पाहून मंत्रालयात खळबळ उडेल. उडू द्या. ते पैसे आजही जातच आहेत.

हे काम करायला माणसं लागतील. कित्येक आरोग्य केंद्रांत एकच औषधनिर्माण अधिकारी, तोच खिडकीवर औषध देतो, तोच साठा लिहितो, तोच लसीकरणाच्या दिवशी लस थंड ठेवणारी शीतसाखळी पाहतो, तोच जिल्ह्याला जाऊन माल उचलून आणतो. तो गेला की खिडकी बंद. रिक्त पदं भरल्याशिवाय कुठलीही संगणक प्रणाली खरी नोंद देणार नाही. संध्याकाळी सहाला थकलेला माणूस दिवसभराच्या चिठ्ठ्यांची बेरीज अंदाजाने टाकतो, आणि त्या अंदाजावर आपली कोट्यवधींची निविदा उभी राहते.

निवृत्त औषधनिर्माण अधिकाऱ्यांची मोठी संख्या या राज्यात आहे. प्रत्येक जिल्ह्यात आमच्यापैकी चार-पाच जण मानधनाशिवाय बसतील आणि प्राणरक्षक औषधांची यादी व 'एका रुग्णाला किती' हा रकाना भरून देतील. कोकणाची यादी गडचिरोलीच्या यादीहून वेगळी असेल, मेळघाटची आणखी वेगळी. ही यादी मुंबईत बसून होणार नाही. मी माझ्या जिल्ह्यापुरती यादी तयार करून या पत्रासोबत आपल्या कार्यालयात पोस्टाने पाठवत आहे. त्यात प्रत्येक औषधासमोर एका रुग्णाची मात्रा, साठवणुकीचं तापमान, कोणत्या महिन्यांत गरज वाढते आणि किमान किती रुग्णांपुरता साठा हवा, हे लिहिलं आहे. ती तज्ज्ञांकडून तपासून घ्या, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

आणि यंदा बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. सर्पदंशाचं प्रतिविष, रेबीजची लस, मॅग्नेशियम सल्फेट, ऑक्सिटोसिन आणि प्राझोसिन, या पाच औषधांची तालुकानिहाय शिल्लक, रुग्णसंख्येत मोजून, १ जूनपासून आपल्या संकेतस्थळावर रोज जाहीर करा. १०८ च्या रुग्णवाहिकेत बसलेल्या डॉक्टरला साप चावलेला माणूस कोणत्या रुग्णालयात न्यायचा, हे त्यावरून ठरवता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी